सरावाची मुलाखत

सरकारी रोजगार केंद्रात टर्नरकाकांइतका हुशार विद्यार्थी दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतका जुनाही. अर्धं आयुष्य लेथ मशीनवर लोखंड कातण्यात गेलं, पन्नाशी उलटली आणि कारखान्याला टाळं लागलं. केंद्रात कॉम्प्युटरवर चालणारी नवी लेथ शिकवत, तीही त्यांनी सहज आत्मसात केली. घोडं अडत होतं ते भलतीकडेच. मुलाखतीत समोर खरा साहेब दिसला की स्वतःचं नाव सांगतानाही बोबडी वळे.

सरावात मात्र गडी वाघ. दर शुक्रवारी केंद्राच्या मागच्या खोलीत मुलाखतीचा सराव चाले. टेबलापलीकडे कधी कारकून साहेब होऊन बसे, कधी कारकुनाचा मेहुणा, कधी असाच कुणी अनोळखी पाहुणा. काका ऐटीत उत्तरं देत, वर एखादा विनोदही करत. शेवटी साहेब ठरलेलं वाक्य टाकी, "या सोमवारपासून." काका म्हणत, "येतो साहेब," आणि मंडळी चहाला जात. अशा नोकऱ्या काकांना पैशाला पासरी मिळाल्या होत्या.

पण महिनाअखेर त्यांची मुदत संपत होती, आणि एकदा शिकून गेलेल्याला केंद्र परत घेत नसे. इकडे घरी लेक कॉलेज सोडून कपड्यांच्या दुकानात लागायचं म्हणत होती.

"एक वर्षच तर आहे, बाबा."

एक वर्ष म्हणजे कायमचं, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचंही शिक्षण असंच वर्षभरासाठी सुटलं होतं. "माझं काम लागू दे, मग बघू," म्हणत ते तिला कसंबसं थोपवून धरत होते.

शिकवणाऱ्या बाईंचा त्यांच्यासाठी जीव तुटायचा. त्यांनी एक शक्कल लढवली. एका शुक्रवारी खराखुरा कारखानदार त्याच खोलीत आणून बसवला आणि काकांना पत्ता लागू दिला नाही. "नेहमीचाच सराव आहे, जा आत," एवढंच म्हणाल्या. शक्कल नको इतकी फळाला आली. काका असे काही बोलले की मालक खूश झाला, हसला, म्हणाला, "या सोमवारपासून."

"येतो साहेब," म्हणून काका चहाला गेले आणि तिथून घरी.

बाई मालकाला गाडीपर्यंत सोडायला गेल्या. मालकाने तोंडावर निवड सांगितली म्हणजे काकांना आता कळलंच असेल, असं त्यांनी धरलं. सरावाचा शेवटही तोच असतो, हे आनंदाच्या भरात त्या विसरल्या.

सोमवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर हजर झाले. केंद्रात.

"काका, तुम्ही इथे कसे?"

"का? आज दुपारचा वर्ग नाही?"

बाईंनी शुक्रवारचा साहेब खराखुरा होता हे सांगून कारखान्याचा पत्ता त्यांच्या हातात कोंबला.

धापा टाकत काका कारखान्यात पोचले, तेव्हा लेथवर दुसराच माणूस उभा होता. "पहिल्याच दिवशी दांडी?" मालक म्हणाला. "दुपारपर्यंत वाट पाहिली मी तुमची."

"साहेब, मला... मला वाटलं, सराव चाललाय."

"म्हणजे शुक्रवारचं ते सगळं नाटक होतं?"

नाटक नव्हतं. एकूण एक शब्द खरा होता. ते सांगायला काकांनी तोंड उघडलं, पण शब्द काही फुटेना. मालक माणूस वाईट नव्हता, थोडा वेळ थांबलाही. मग मान हलवून आत निघून गेला.

घरी लेक खिडकीशी अभ्यास करत होती. काका चपला काढून दारातच उभे राहिले. हातातोंडाशी आलेला घास आपणच हसत हसत टाकून आलो, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

"त्या दुकानात तुला कधी बोलावलंय?" त्यांनी विचारलं.

"कधीही या म्हणालेत. उद्यासुद्धा."

"मग जा उद्या."

तिने भांडावं, रडावं, निदान का म्हणून तरी विचारावं, असं काकांना फार वाटत होतं. "बरं," म्हणून ती उठली आणि उद्यासाठी ड्रेस शोधू लागली.