निम्मी गाडी

"एवढंच?" टेम्पोत डोकावत शालनबाईंनी विचारलं.

"एवढंच," भैरू म्हणाला. लोणावळ्याच्या हॉटेलांतून चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे गोळा करून तो कासारवाडीच्या या लाँड्रीत आणायचा. एरवी सोमवारी गाठोडी दोरीनं आवळून आणावी लागत. आज सोमवार असूनही गाडी निम्मी रिकामी होती.

"गिऱ्हाईक न्हाई का?"

"गिऱ्हाईक भरपूर आहे, मावशी. पण खोल्याखोल्यांत आता पाटी ठेवलीय. पाणी वाचवा, चादर रोज बदलून मागू नका, टॉवेल दोरीवर वाळत टाका. मालकांचं काय, धुलाई वाचते. आणि ही नवीन पोरं-पोरी येतात ना, त्यांना ते आवडतं. पाटीचा फोटो काढतात."

शालनबाईंनी एक गाठोडं खांद्यावर घेतलं आणि त्या आत गेल्या.

शालनबाई मूळच्या धाराशिवकडच्या. लग्न होऊन भोसरीत आल्या तेव्हा नवरा एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. काविळीनं तो गेला, तेव्हा मुलगी साक्षी नुकती शाळेत जायला लागली होती. शेजारणीनं लाँड्रीत काम मिळवून दिलं आणि शालनबाई तिथेच राहिल्या. ब्लीचच्या पाण्यानं सुरुवातीला बोटांची सालं निघायची. पुढे ती निघणं थांबलं आणि बोटं कायमची गुळगुळीत झाली. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा उठत नसे. शाळा सुटली की साक्षी लाँड्रीतच यायची आणि इस्त्री होऊन आलेल्या चादरींच्या उबेला पाठ टेकून अभ्यास करायची. आकुर्डीत तिचं इंजिनिअरिंग झालं. आता ती ताथवड्यातल्या एका कंपनीत होती.

लोणावळा शालनबाईंनी कधी पाहिला नव्हता. तिथे उतरणाऱ्या माणसांची त्यांना जी ओळख होती ती डागांवरून. काजळ, चटणी, चिखल, दारू. कधी कुणाला उलटी झालेली असायची.

त्या दिवशी संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा साक्षी फोनवर कुणाला तरी समजावत होती. ऑफिसचे पाच जण फिरायला निघाले होते. बाकीच्यांनी पोहण्याचा तलाव असलेला बंगला बघून ठेवला होता आणि साक्षीनं तो मोडून भीमाशंकरच्या अलीकडच्या एका वाडीत, गावातल्याच माणसांच्या घरी राहायचं ठरवलं होतं. जायचं एसटीनं, जेवायचं घरचं, आपलं ताट आपण धुवायचं.

"आणि ऐकलं त्यांनी तुझं?" शालनबाईंनी पाय धुता धुता विचारलं.

"ऐकलं. योगिनीला तिथले फोटो वेगळे येतील म्हणून पटलं. ज्ञानेशच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर येत होते, तेव्हापासून त्याला तलावात उतरायची लाज वाटते. उरलेले दोघं, आम्ही येतोय म्हणून येतायत."

"तिथं चादरी कोण धुतं?"

"कोणी रोज धुवत नाही, आई. आपण निघेपर्यंत एकच असते."

शालनबाई टॉवेलनं पाय पुसत होत्या. त्या थांबल्या. "म्हंजी तुज्यासारख्याच पोरी हायत त्या."

"कोण?"

"आज गाडी निम्मी आली. पोरं चादर बदलू नका म्हणतात, म्हणून. मालक सकाळपासून बायका मोजायलाय."

 साक्षीनं कुकर लावला, कणीक काढली. मळता मळता ती म्हणाली, "कॉलेजची ट्रिप गेली होती बघ लोणावळ्याला. तू नवा ड्रेस घेऊन दिला होतास."

"मग?"

"पाण्यातून आल्यावर पोरींनी टॉवेल जमिनीवर टाकले. एकीनं चिखलाचे बूट पुसले त्यानं. पांढऱ्याशुभ्र टॉवेलनं. मी ते सगळे उचलून बाथरूममध्ये धुवायला बसले. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, अगं, असतात ना बायका त्याला." कणकेत पाणी जास्त झालं होतं. तिनं वरून पीठ टाकलं. "झाडं, पाणी, ते सगळं मला नंतर कळलं, आई. ऑफिसात विचारलं तर तेच सांगते मी. पण आधी तू दिसायचीस."

शालनबाईंनी तिच्यापुढची परात ओढून घेतली. "सर. पातळ केलीस सगळी," त्या म्हणाल्या.

मालकानं पुढचे काही आठवडे वाट पाहिली. गाडी काही भरून येईना. मग एके दुपारी त्यानं शालनबाईंना आणि विजयश्रीला गल्ल्यापाशी बोलावलं. विजयश्री इस्त्रीच्या रोलरवर त्यांच्या जोडीला होती. चादरीची दोन टोकं धरून दोघी ती यंत्रात सरकवत, आणि त्या आवाजात बोलणं शक्य नसल्यानं इतक्या वर्षांत त्यांचं बोलणं बहुतेक खाणाखुणांनीच झालं होतं.

"रोलरला आता एकच बाई पुरेल," मालक खाली बघत म्हणाला. "तुम्ही जुन्या आहात, शालनबाई. तुम्हाला मी जा म्हणणार नाही."

विजयश्रीनं पदर तोंडाशी धरला. तिची दोन्ही मुलं अजून शाळेत होती.

"हिला राहू द्या," शालनबाई म्हणाल्या. "माजी पोरगी कमावती झाली. मी बसते घरी."

"विचार करून सांगा."

"केलाय."

बाहेर आल्यावर विजयश्री म्हणाली, "ताई, असं कसं केलंत?"

"यंत्राचं डावं टोक ओढतंय," शालनबाई म्हणाल्या. "चादर जरा ताणून धरत जा."

साक्षीला हे चार दिवसांनी कळलं, तेही आई सकाळी डबा भरेना तेव्हा. तिनं गॅस बंद केला. "माझ्यामुळं झालं का गं?" तिनं विचारलं.

शालनबाईंनी खोटं सांगितलं नाही. "थोडं तुज्यामुळं बी," त्या म्हणाल्या. "पण तू टॉवेल जमिनीवर टाकायला लागलीस तर मला आवडंल व्हय?"

ऑफिसच्या मंडळींबरोबर साक्षी त्या वाडीत आधी जाऊन आली होती. आता तिनं आईला नेलं. शालनबाई नको नको म्हणत होत्या. तरी त्या राजगुरुनगरच्या एसटीत बसल्या आणि चाकणचे कारखाने मागे पडल्यावर खिडकीला डोकं टेकून बघत राहिल्या. घर सोजराबाईंचं होतं. मातीनं सारवलेली पडवी, मागे ओढा, दोन खोल्या पाहुण्यांना. संध्याकाळी शालनबाईंनी सवयीनं अंथरुणावरची चादर चिमटीत धरून पाहिली. सोजराबाईंनी ते पाहिलं.

"सोच्छ हाय, बाई. वड्यावर धुतलीया मी."

"तसं न्हाई. कापड चांगलंय."

"तुमच्या पोरीवानी पोरं येत्यात म्हून घेतलं. माजा पोरगा चाकणला कंपनीत हुता. कमी केला त्याला. आता ह्यावरच चालतंय बगा."

शालनबाईंनी मान हलवली. दोघी नंतर चुलीपाशी बसून निवडण करत राहिल्या. 

सकाळी साक्षी उठली तेव्हा ऊन पडवीत आलं होतं. शेजारी आई झोपलेली होती. साक्षीनं आईला उजेडात झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. तोंड किंचित उघडं होतं, आणि हात चादरीवर सैल पडले होते.

सोजराबाई चहा घेऊन दारात आल्या. "उठवू का?"

साक्षीनं मानेनंच नको म्हटलं.

सोजराबाईंनी चहा परत नेला. तो त्यांनी दोनदा गरम केला. तिसऱ्या वेळी पायरीवर बसून स्वतःच पिऊन टाकला आणि नवं आधण ठेवायला त्या आवाज न करता आत गेल्या.