आंबटाची बंदी

प्रेमिलाच्या उजव्या हातावर पहिला डाग आला तेव्हा तो ज्वारीच्या दाण्याएवढा होता. उमरेडहून लग्न होऊन ती नागपूरच्या तांडापेठेत, परात्यांच्या कोष्टी घरी आली, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. रहाटावर सुताच्या कांड्या भरता भरता तिनं तो पाहिला, पदरानं पुसला, पुन्हा पुसला. पिठाचा असता तर गेला असता. चुन्याचा असता तर गेला असता. तो गेला नाही. पावसाळ्यात बोटाबोटांत उतरला, दिवाळीला मनगटावर चढला, आणि संक्रांतीच्या वाणासाठी तिनं हात पुढे केला तेव्हा शेजारणीनं वाण तिच्या हातात न देता जमिनीवर ठेवलं.

सासू जनाबाई रंगाऱ्याची लेक. तिचं सारं बालपण नागपूरच्याच महाल भागात, रंगाच्या हौदाकाठी गेलेलं. तिनं सुनेचा हात उजेडात धरला, आत गेली, लाल सुताची एक लडी घेऊन आली आणि तिच्यावर लिंबाची फोड पिळली. थेंब पडले तिथं तिथं रंग विटला.

"पाहून घे," जनाबाई म्हणाली. "आंबटानं सुताचा रंग उतरते, त अंगाचा काय राह्यते? तुह्या मायनं तुले चिंचा चारल्या. त्या आता वर आल्या."

रंगाऱ्याच्या लेकीलाच हे सुचावं. आणि डोळ्यांदेखत घडलेलं खोटं तरी कोण म्हणणार?

त्या दिवसापासून घरातलं आंबट प्रेमिलाला बंद झालं. चिंच गेली, लिंबू गेलं, ताक गेलं, कढी गेली. मग गल्लीतून जो येई तो आपल्या पदरची एकेक बंदी टाकून जाई. कुणी म्हणे मासोळी नको. कुणी म्हणे मासोळीवर दूध प्यायली असेल, तर दूधही नको. पांढरं खाल्लं की पांढरं फुटते, म्हणून भात गेला, अंडं गेलं. हिवाळ्यात इतवारीच्या बाजाराकडून संत्र्यांच्या हातगाड्या यायच्या, अख्खी गल्ली दारात बसून संत्री सोलायची, आणि प्रेमिला दुसऱ्यांनी टाकलेली साल उचलून हुंगायची. नवरा रुपराव मागावर बसून धोटा फेकत राही. त्याला ऐकू येत नव्हतं असं नाही. मागाचा खडखडाट त्याला सोयीचा होता.

ताट सुकत गेलं. डाग वाढत गेला. हातावरून कोपरापर्यंत आला, ओठाच्या कडेला साय धरावी तसा धरला. जनाबाई म्हणे, "चोरून खात असशील."

असंच कोरडं खाता खाता पहिल्यांदा दिवस राहिले, आणि सातव्यातच सगळं संपलं. मुलगी होती. ओंजळीत मावेल एवढी. श्वास नव्हताच. बायांनी तिला दिव्यापाशी नेलं, उलटंपालटं करून अंग पाहिलं. एकही डाग नव्हता.

"पथ्यानं वाचली पोरगी," जनाबाई म्हणाली.

प्रेमिला भिंतीकडे तोंड करून पडली होती. ते वाक्य तिच्या कानात शिरलं आणि तिथंच घर करून राहिलं.

दुसऱ्यांदा पोट राहिलं तेव्हा ती एकटीच सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या नर्स इंदुताईंनी तिच्या हाताकडे पाहिलंच नाही. खालची पापणी ओढली आणि तोंडातून च्यक् केलं.

"काय खाते वं तू?"

प्रेमिलानं काय खात नाही ते सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला.

"अवं बाई! हे कोड खाण्यानं येत नाही अन् उपाशी राहून जात नाही. ते राहू दे एका बाजूले. मले ही पापणी भेव दाखवून राहिली. रक्त कुठं हाये तुह्या अंगात? दूध पी, अंडं खा, पालेभाजी खा, लिंबू खा, संत्रं खा. कोष्ट्याची सून ना तू? ताण्याले सूतच नसलं, त काय विणशील?"

घरी येऊन तिनं हे जसंच्या तसं सांगितलं. जनाबाई चुलीपुढून उठलीही नाही.

"तिचं काय जाते? डाग तिच्या हाताले नाही. अन् उद्या लेकरू डागाचं निपजलं, त ते काय नर्सबाईच्या घरी नांदाले जाईन?"

प्रेमिलानं नवऱ्याकडे पाहिलं. रुपरावानं तुटलेला धागा शोधायला मान खाली घातली.

दिवस जात राहिले. पोट हवं तसं वाढेना. रहाट फिरवताना तिला डोळ्यांपुढे अंधारी येई, मग ती हात थांबवून पोटावर ठेवी आणि आत काही हललं की पुन्हा रहाट धरी. हललं नाही, तर धरी नाही.

सातवा लागला आणि जनाबाईनं डोहाळजेवण मांडलं. मांडलं मात्र हौसेनं, त्यात खोट नव्हती. हिरवं लुगडं घरच्या मागावर विणून घेतलं होतं, रुपरावानं त्याला बोटभर काठ काढला होता. हिरव्या बांगड्या भरल्या. ताटाभोवती रांगोळी काढली. ताटात बिनफोडणीचं मुगाचं वरण, दोडक्याची भाजी, पोळी, गूळ.

गल्लीतल्या बाया आपापल्या घरून वाटी वाटी घेऊन आल्या. पोटुशीला जे खावंसं वाटतं ते चार घरचं यावं, ही तिथली रीत. समोरच्या घरची सखूबाई येता येता ओसरीवरूनच ओरडली, "रुपराव, माग थांबव गा घडीभर! आमचं गाणं ऐकू येऊ दे!" तिच्या हातात अंबाडीच्या आंबट भाजीची वाटी होती. वर लसणाची फोडणी, तेल अजून तडतडत होतं. जनाबाईनं ती दारातच घेतली आणि वरच्या फळीवर ठेवली. बाकीच्यांच्या वाट्याही वास घेऊन घेऊन निम्म्या फळीवर गेल्या.

माग थांबला. बाया गोल बसल्या, सखूबाईनं सूर लावला:

*सातव्या गं महिन्याचं, सखीचं मन कशात?*
*कवळ्या चिंचेच्या आकड्यात, अंबाडीच्या देठात.*

बायांनी ओळ उचलली, टाळ्यांनी धरली. देठात, देठात. प्रेमिलाच्या तोंडाला पाणी सुटलं. समोर मुगाचं वरण थंड होऊन साय धरत होतं. पोटातलं हललं. आणि मग कितीतरी वेळ हललं नाही.

ती उठली. डोहाळे पुरवून घेणारीनं पाटावरून उठू नये म्हणतात, तरी उठली. पोट सावरत टाचा उंचावल्या, फळीवरून अंबाडीची वाटी काढली आणि परत पाटावर येऊन बसली.

गाणं विरलं.

"ठेव ते," जनाबाई म्हणाली.

"तोंडानं चिंचा गाता, अन् ताटात दोडका वाढता काहून?"

"प्रेमिला! रंग उतरून राहिला अंगाचा, अन् तू आंबटाले हात लावते?"

सखूबाईला राहवलं नाही. "जनाबाई, कुसुंबीच्या फुलाचा लाल रंग त सुतावर आंबटानंच चढते न वं? तुह्याच बापाच्या घरचं सांगून राहिली मी."

दोन-चार जणी तोंडावर पदर घेऊन हसल्या. प्रेमिला हसली नाही.

"नाही मावशी, तसंही नाही. आंबटानं माहा रंग जात नाही अन् येतही नाही. मी काही लडी नव्हं. हौदात बुडवाले अन् पिळून वाळू घालाले, मी काही लडी नव्हं." ती जनाबाईकडे वळली. "आत्याबाई, तुमी म्हणता तसं राह्यलो. तुमी काढलं ते ते तोंडातून काढलं. डाग थांबला का? पोरगी तेवढी थांबली."

"तिच्या अंगावर एक डाग नव्हता!"

"जीवही नव्हता."

ओसरीवर रुपराव उभा राहिलेला दिसत होता, दाराच्या चौकटीला धरून.

"अन् हे डागाचं निपजलं त?" जनाबाईचा आवाज चिरकला. त्यात राग होता आणि रागाखाली भेवही होतं, खरंखुरं. "मी हात नाही लावणार, सांगून ठेवतो."

"नका लावू. मी लावीन. हाच हात लावीन." तिनं उजवा हात पुढे केला, सायीसारखा, बोटांपासून कोपरापर्यंत. "डागाचं निपजलं त डागाचं. पण जित्तं निपजू दे."

आणि त्याच हातानं तिनं पोळीचा तुकडा मोडला, अंबाडीत बुडवला आणि तोंडात घातला. दातांना आंबट झोंबलं, डोळे मिटले, कानशिलं दुखली. कितीक दिवसांनी जिभेला आपण जीभ असल्याचं कळलं. ती जेवली. घाई न करता, बोटं चाटत, शेवटच्या देठापर्यंत जेवली. मग म्हणाली, "सखूमावशी, त्या फळीवर दही होतं का वं कोणाचं?"

जनाबाई उठून परसात निघून गेली.

त्या दिवसापासून परात्यांच्या चुलीवर दोन भांडी चढू लागली. एक जनाबाईचं, एक प्रेमिलाचं. कुणी कुणाचं भांडं उतरवलं नाही की ढवळलंही नाही. दूध रुपराव आणू लागला. काही न बोलता लोटा चुलीपाशी ठेवी आणि मागावर जाऊन बसे. बोलायला हवं होतं त्यानं. प्रेमिलानं ते माफ केलं नाही, पण दूध प्यायली.

पंधरवडा गेला असेल. सकाळी उजेडात बसून ती संत्रं सोलत होती. जनाबाई जवळ आली, वाकली, तिच्या हनुवटीला बोट लावून तोंड उजेडाकडे वळवलं. ओठाची साय खाली उतरली होती, हनुवटीच्या टोकापर्यंत.

"पाह्य. वाढला," जनाबाई म्हणाली. "सांगतलं होतं मी."

प्रेमिलानं कोनाड्यातला आरसा घेतला. शांतपणे पाहिलं, आधी डावीकडून, मग उजवीकडून.

"हो, वाढला," ती म्हणाली. "नव्हती खात तवाही वाढे, आता खातो तवाही वाढून राहिला. पण आत्याबाई, हेही पाहा." तिनं पदर बाजूला सारला. पोट हिरव्या लुगड्यात घट्ट, गोल, पुढे आलेलं. "आता हेही वाढून राहिलं."

तिनं संत्र्याची फोड तोंडात टाकली, बी थुंकली आणि दुसरी फोड सोलायला घेतली.