लाभापासून दहापर्यंत

गुरुवारी तळेगावच्या कारखान्यांना सुट्टी असते, म्हणून सून घरी होती. वलवणच्या त्या अंगणात तीनचाकी गाडा सकाळपासून विटांवर चढवून ठेवलेला, मागचं चाक अधांतरी. ओट्यावर सरुबाई गुडघे पसरून बसली होती. याच गुडघ्यांवर तिनं तीस वर्षं कणसांचा गाडा खंडाळ्याच्या चढाला ढकलत नेला होता. आता संडासापर्यंत जायचं तरी ते आधी कुरकुर करून घेत.

"अगं, किती येळा तपासशील? त्या मीटरचंबी डोकं उठलं आसंल."

सुनेनं, कोमलनं, मीटरच्या काड्या पुन्हा टेकवल्या. कारखान्यात ती बॅटऱ्या जोडायच्या कामावर होती. सासूच्या गाड्याला मोटर बसवायची म्हणून तिनं सेल आणून घरीच बॅटरीचा पॅक बांधला होता, सुट्टीच्या दिवसांत, सेलला सेल जोडत. पॅक बरा निघाला. घोटाळा झाला तो तीन आठवड्यांपूर्वी, मोटर चालवणाऱ्या डब्याला, म्हणजे कंट्रोलरला, तो जोडताना. फट्कन आवाज आला, निळी ठिणगी उडाली आणि डब्यातून काळा धूर निघाला.

सरुबाईचा मुलगा कैलास तेव्हा तिथंच उभा होता. खंडाळ्याच्या बंगल्यावर ड्रायव्हर आहे तो. "कंपनीत करतीस तेवढंच कर," म्हणाला बायकोला. "लाल तार कुठली नि काळी कुठली, ते तरी कळतं का?" सरुबाईही मागं राहिली नव्हती. "शिकल्या-सवरल्याची हीच तऱ्हा," म्हणाली होती.

तेव्हापासून सुनेचा स्वतःच्या हातांवर विश्वास उरला नव्हता. भाकरी थापतानासुद्धा ती मध्येच थांबायची.

आज दुसरा कंट्रोलर होता, ओळखीतून आणलेला, नाही जमलं तर न वापरता परत करायच्या बोलीवर. कोमलनं हातातल्या पाटल्या काढून खिडकीत ठेवल्या, मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत खोचलं, रबरी हातमोजे चढवले. बादलीभर वाळू जवळ ओढली. मीटरच्या काड्या पाचव्यांदा टेकवल्या. लाल ती लालच होती. काळी जोडून झाली. लाल हातात घेतली आणि ती तशीच बसून राहिली.

मग तिनं काळीसुद्धा सोडवली आणि तारांच्या तोंडांवर चिकटपट्टी गुंडाळायला लागली.

"काय झालं गं?"

"न्हाई जमायचं, आत्या. परत देऊन येते. माझ्या हातातच दोष हाय."

सरुबाईनं चुलीकडे बघितलं. तिथं पिशवीत नवा नारळ होता, कालच आणलेला. गप्प बसलं तर काय होईल, ते तिला कळत होतं. गाडा भंगारात जाईल, गुडघे पुन्हा चढाला लागतील, आणि ही पोर जन्मभर स्वतःलाच दोष देत राहील.

"तुज्या हाताला काय झालं न्हाई," ती म्हणाली. "मी नारळ फोडला व्हता."

"कधी?"

"त्याच दिशी. सकाळी, तू आंघुळीला गेलतीस तवा."

"कुटं फोडलात?"

"त्या डब्यावर."

"कंट्रोलरवर?"

"मग काय तुज्या डोक्यावर फोडू? नवी वस्तू व्हती. पानी आत गेलं आसंल थोडं. पदरानं पुसलं मी." तिनं पुढं जोडलं, "त्या पिनीवर कुकूबी लावलंतं. भिजवून."

कोमलनं हातमोजा काढून मांडीवर ठेवला.

"एकवीस दिवस, आत्या. झोपेतबी मी तारा उलट्या-सुलट्या करत होते. आणि तुमी शेजारी बसून भाकरी खात होता."

सरुबाई ओट्यावरून खाली सरकून तिच्याजवळ बसली.

"मीबी तवा थेट जोडला होता," कोमल थकून म्हणाली. "मधी रेझिस्टर लावायचा असतो, ते नंतर कळलं. ठिणगीनं गेला का नारळानं, देव जाणे." मग तिनं मान वर केली. "पण कैलासला तुमी सांगायचं. आज. माझ्यासमोर."

पोराच्या तोंडावर आपली चूक कबूल करायची. सरुबाईनं ती कधी नवऱ्याच्या तोंडावरही केली नव्हती. चढ चढून आल्यासारखा तिला दम लागला.

"सांगन," ती म्हणाली.

"आज ह्याला काय लावलं नाही ना?"

"हात बी लावला न्हाई. देवाची आन."

कोमलनं नव्या डब्याची तोंडं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. कोरडी होती. तिनं हातमोजे पुन्हा चढवले आणि पांढऱ्या खडूएवढा रेझिस्टर चिमट्यात धरला.

"कंट्रोलर रिकामा असतो, आत्या. एकदम जोडला की बॅटरी घटाघटा ओढतो, त्याचीच ठिणगी उडते. म्हणून आधी ह्यातनं थेंब थेंब द्यायचं. काळी लावली बघा. आता लालच्या मधी हा धरते. तुमी दहा मोजा. सावकाश."

सरुबाईला मोजणं येत होतं ते खळ्यावरचं, धान्य मापतानाचं. तिथं एक म्हणत नाहीत.

"लाभ," ती म्हणाली. "दोन. तीन."

कोमलनं चिमटा जागेवर धरून ठेवला.

"नऊ. धा."

कोमलनं रेझिस्टर काढला आणि लगेच लाल तार बसवली. खट्. ठिणगी नाही, धूर नाही. तिनं गाड्याच्या दांड्यावरची मूठ जराशी पिळली, तसं अधांतरी चाक हळूच फिरायला लागलं, बिनआवाज.



"तो पिशवीतला नारळ?" कोमलनं विचारलं.

"त्यो चटणीला हाय."

कोमलनं चाक थांबवलं. सरुबाईनं कंबरेचा मोबाईल काढला, डोळ्यांपासून लांब धरून कैलासचा फोटो शोधला आणि बोट दाबलं.

"कैलास, आज बेगीन ये. न्हाई रं, गाड्याला काय झालं न्हाई. चाक फिरलं." तिनं सुनेकडे बघितलं. सून हटली नाही, बघतच होती. "मला बोलायचं हाय तुज्याशी. बायकूसमोर."