गाडीत राहिलेली काठी

मी एक जुनी काठी आहे. मित्रांनो, आज मी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये दोन खिळ्यांवर आडवी टांगलेली आहे. माझ्याखाली चकचकीत पितळी पट्टी आहे. येणारी माणसं माझ्यासमोर टोपी काढून क्षणभर उभी राहतात. एवढा मान सहसा कुठल्या काठीच्या वाट्याला येत नाही, पण मला तो नको आहे. का, तेच सांगते.

जन्मले तेव्हा मी काठी नव्हते. मिशिगनच्या उत्तरेला, बंद पडलेल्या लोखंडाच्या खाणींच्या मुलखात, आरवो केटोला नावाच्या सुतारानं मला अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडातून तासलं आणि बर्फ फोडायच्या पहारीला दांडा म्हणून बसवलं. तळं गोठलं की त्याला भोक पाडून गळ टाकून बसायचं, हा आरवोचा नाद. कितीतरी हिवाळे मी तो बर्फ फोडला. आरवो फारसा बोलणारा माणूस नव्हता. दिवस संपला की मला पुसून कोपऱ्यात ठेवताना "बरा आहे" एवढंच म्हणायचा, आणि मला तेवढ्यानं आभाळ ठेंगणं व्हायचं.

तरुणपणी तो व्हिएतनामच्या लढाईत होता. हेलिकॉप्टर जमिनीला टेकायच्या आत पाठीवरच्या ओझ्यासकट उडी टाकावी लागे. अशाच एका उडीत त्याचा उजवा गुडघा आतून फाटला. पण त्याच्याबरोबर उडी टाकलेला पोरगा उठलाच नाही. तो पोरगा मेला आणि आपण गुडघ्याचं रडगाणं गायचं, हे आरवोला पटेना. त्यानं गुडघ्याला फडकं बांधलं आणि पुढं चाळीस वर्षं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. साठी उलटल्यावर गुडघ्यानंच तोंड उघडलं.

मग एके दिवशी त्यानं माझं पातं करवतीनं कापून टाकलं आणि टोकाला रबरी टोपी बसवली. मी काठी झाले. आरवोला मात्र ते कबूल नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, पहारीचा दांडा आहे, हाताशी होता म्हणून घेतला. माझा सगळा भार त्याच्या उजव्या हातात आणि त्याचा सगळा भार माझ्यावर, असे आम्ही दोघं चालायचो. खरं सांगते, बर्फ फोडण्यापेक्षा मला हे काम जास्त आवडलं.

त्याचं घर टेकडीच्या उतारावर होतं. रस्त्यावरून दारापर्यंत लाकडी जिना, चांगलाच उभा. बायको हेल्मी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण घर तिनं ठेवलं होतं तसंच होतं. मुलगी ॲरिझोनात राहायची आणि तिकडेच या म्हणून मागं लागायची. आरवो म्हणायचा, जिथं तळं गोठत नाही तिथं माणसानं करायचं काय?

माजी सैनिकांची कामं बघणारी डोना नावाची बाई होती. तिनं त्याला समजावलं होतं. गुडघा लढाईतच गेला आणि आज त्यामुळं चालवत नाही, एवढं डॉक्टरांनी मान्य केलं की सैनिकांच्या हॉस्पिटलात नवा गुडघा बसेल, जिन्याच्या जागी उतरता रस्ता बांधून मिळेल, घरकामाला माणूस येईल. म्हणजे हेल्मीच्या घरात राहता येईल. आरवोला जगाकडून दुसरं काही नकोच होतं. त्यानं अर्ज केला.

पण दर शुक्रवारी या हॉलमध्ये मासे तळून सगळे एकत्र जेवायचे, आणि तिथं लेस्टर बुड्रो बसायचा. तोही त्याच लढाईतला, आरवोचा जुना दोस्त, जिभेला हाड नसलेला. मला पाहिलं की त्याला चेव यायचा. "काय रे आरवो, म्हातारपणी तिसरा पाय फुटला का तुला?" सगळं टेबल खदखदा हसायचं. तपासणीची तारीख लागल्याचं कळलं तेव्हा त्यानं बशी बाजूला सारली.

"ज्यांचे पाय गेलेत त्यांनी मागावं, लेका. तुझे दोन्ही जागेवर आहेत. त्यांच्या ताटातलं कशाला ओढतोस?"

आरवोही सगळ्यांबरोबर हसला. मी त्याच्या तळव्याखाली होते. तळवा घामानं ओला झाला होता.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी डोनाचा फोन आला. ती म्हणाली, "आरवोकाका, तुमचा सगळ्यात वाईट दिवस कसा असतो तो सांगा. आणि काठी घेऊनच आत जा." आरवो हो म्हणाला. मग त्यानं शर्टाला कडक इस्त्री केली, बूट चमकवले, गुळगुळीत दाढी केली. वरच्यांनी बोलावलं की असंच जायचं, हे त्याला विसाव्या वर्षी शिकवलं होतं आणि ते कधी कुणी विसरायला लावलं नव्हतं.

हॉस्पिटलसमोर गाडी थांबली. तो उतरला, मला हातात घेतलं, दाराकडे पाहिलं. मग मला परत सीटवर ठेवलं आणि माझ्यावर आपला जुना कोट टाकला. कोटाच्या बाहीच्या फटीतून मी पाहत होते. मित्रांनो, तो ताठ चालत गेला. एकदाही लंगडला नाही. मला ओरडायचं होतं, पण काठीला तोंड कुठलं?

आत काय झालं ते त्यानं नंतर डोनाला फोनवर सांगितलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड होत्या. आज कसं वाटतंय, असं त्यांनी विचारलं. आरवो म्हणाला, "उत्तम, मॅडम." खोलीभर चालून दाखवा म्हटल्यावर चालून दाखवलं. वाका म्हटल्यावर वाकला. दुखतं का, तर "कधीमधी." बाईंनी हसून निरोप दिला. गाडीशी परत आला तेव्हा त्याला उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यावा लागला. दातांत हातमोजा धरून तो कितीतरी वेळ तसाच बसला होता.

नकार आला. गुडघा ठीक आहे, चालणं विनाअडचण आहे. डोना म्हणाली, पुन्हा तपासणी मागू. आरवो म्हणाला, डॉक्टर खोटं थोडंच लिहितात? आयुष्यभर तो वरून आलेला हुकूम पाळत आला होता. हाही त्यानं पाळला. तपासून सांगितलंय धडधाकट, मग काठी कशाला, असं म्हणून त्यानं मला घर गरम ठेवायच्या भट्टीमागच्या कोपऱ्यात उभं केलं. तिथं माझ्यावर राख बसायला लागली. तो भिंतीला धरून खोल्यांतून फिरायचा ते मला दिसायचं. मी हाताच्या अंतरावर होते, पण त्यानं माझ्याकडे पाहायचंच सोडलं होतं.

त्या हिवाळ्यात जिन्यावर बर्फाचा काचेसारखा थर बसला. एका सकाळी आरवो सरपण आणायला बाहेर पडला. तो पडल्याचा आवाज मी ऐकला. नंतर त्याची हाक ऐकली, एकच, आणि तीही हळू, कुणाला त्रास होऊ नये अशी. टपाल टाकणारी बाई दुपारी आली तेव्हा फार उशीर झाला होता.

हॉलमध्ये मोठी सभा झाली. लेस्टरनंच मला भट्टीमागून आणलं, तेल लावून चमकवलं आणि इथं टांगलं. पट्टीही त्यानंच करवून घेतली. "आरवो केटोला. शेवटपर्यंत ताठ." ती वाचताना तो ढसाढसा रडला. त्याचं रडणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते सोसवेना.

आता लेस्टरचं कंबरडं गेलं आहे. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत तो टेबलापर्यंत येतो. उद्या त्याची तपासणी आहे. डोना मुद्दाम सांगायला आली होती की टेकायला काहीतरी घेऊन जा. लेस्टरनं माझ्याकडे बोट केलं. "आरवो गेला होता का काठी टेकत? मग मला काय धाड भरलीय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. डोना माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि मग पर्स उचलून निघून गेली.

मित्रांनो, "बरं आहे" म्हणणारा एखादा माणूस तुमच्याही घरात असेल. त्याला पुन्हा विचारा. तो हसला तर तिसऱ्यांदा विचारा, आणि त्याच्या हाताकडे बघा. एवढं करा. आणि कुणीतरी स्टूल घेऊन मला इथून खाली काढा. पट्टी राहू दे हवी तर. माझं लाकूड अजून पक्कं आहे, रबरी टोपीही झिजलेली नाही. लेस्टर उद्या सकाळी निघणार आहे.