दर दहा मिनिटांनी ओवी

सकाळी नऊ चाळीसला मी जुना पासवर्ड शेवटचा टाइप केला. बोटांना तो अजून पाठ होता. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्याचा हा दुसरा दिवस, आणि पडद्यावर हजर: पासवर्डची मुदत संपली, नवा द्या. नवा मी मुद्दाम कोरडा ठेवला. कपाटाचा नंबर, आमच्या मजल्याचा नंबर, पुढे एक स्टार.

सव्वादहाला माझं खातं लॉक झालं.

परळच्या एका इस्पितळाच्या तळघरात आमचा कॉम्प्युटर विभाग आहे. खाती, पासवर्ड, कुलपं, सगळं हितेंद्र सर बघतात. त्यांच्या टेबलाशी गेले तर म्हणाले, "तीनदा चुकीचा पासवर्ड पडलाय तुझ्या नावावर."

"मी एकदाच टाकला सर. तोही बरोबर."

"लेकरू किती महिन्यांचं?"

"साडेपाच."

"मग झोप नसणार. होतं असं." त्यांनी हसून खातं उघडून दिलं.

मी जागेवर आले, चार मेल वाचल्या आणि पाऊण तासात पुन्हा बाहेर. खातं लॉक. या वेळी ते हसले नाहीत. पुन्हा उघडलं, पण म्हणाले, "ऋतिका, हे तू करत नसशील तर कोणीतरी तुझ्या नावाने दार वाजवतंय. अजून एकदा झालं की मी उघडणार नाही. कारण लेखी द्यायचं, मगच."

पुढच्या अर्ध्या तासात खातं तिसऱ्यांदा लॉक झालं.

कोण असेल? सहा महिने मी नव्हते, माझ्या खुर्चीवर कोण बसलं, कोणाला काय सांगून गेले होते, काही आठवेना. बाळंतपणात बाळाबरोबर आठवणीही बाहेर पडल्या की काय, असं हल्ली वाटतं. दुधाची बाटली कुठे ठेवली ते आठवत नाही, आणि माझी लेक शर्वरी परवा किती वाजून किती मिनिटांनी शिंकली ते मात्र आठवतं.

बाराला सासूबाईंचा फोन. "अगं, बाटली तोंडातच धरत नाहीये ही. नुसती जीभ काढून दाखवते. रागावलीय तुझ्यावर."

"आई, थोडं थांबा आणि चमच्याने बघा."

"चमचा फेकला तिने. गुणाची आहे बाई." मागून शर्वरीचं रडणं आलं आणि माझा कुर्ता दोन ठिकाणी ओला झाला. ओढणी पुढे ओढून घेतली.

तो फोन ठेवते तोच दुसरा. चौथ्या मजल्यावरच्या दूधपेढीतून सुभद्रा सिस्टर. "गो बाय, सकाळपासून लेबलां येनत नाय. माझो फ्रीज भरलेलो आसा आणि एक बाटली हलवूक मिळना नाय."

आमच्याकडे ज्या आयांना दूध जास्त येतं त्या दूधपेढीत देतात. ते तापवून, थंड करून, प्रत्येक बाटलीचा नमुना समोरच्या इमारतीतल्या लॅबमध्ये जातो. लॅब निर्दोष बाटल्यांची यादी स्वतःच्या फोल्डरमध्ये टाकते. त्या फोल्डरला पासवर्ड आहे. यादी तिथून उचलून पेढीच्या कॉम्प्युटरवर आली की लेबलं छापली जातात. लेबल नाही तर बाटली फ्रीजबाहेर काढायची नाही, अगदी डीननी सांगितलं तरी.

मी लॅबला फोन केला. "यादी दहालाच टाकली मॅडम. नेहमीसारखी. तुमच्याकडेच अडकलं असेल."

"कागदावर काढून, सही करून द्याल?"

"कागद वर्षापूर्वी बंद झाला. तुमच्याच डिपार्टमेंटने केला."

दोनला मी चौथ्या मजल्यावर गेले. खरं सांगायचं तर अर्धी यादीसाठी, अर्धी स्वतःसाठी. छाती दगड झाली होती. पेढीत पडद्याआड दूध काढायची जागा आहे.

दाराशी एक म्हातारी बाई उकिडवी बसली होती. हिरवं लुगडं, केसांत अबोली. वरळी कोळीवाड्यातल्या सखुबाई. त्यांच्या सुनेला सातव्या महिन्यातच मुलगी झाली होती, बाराशे ग्रॅमची. सून अजून आयसीयूत, शुद्धीत नाही. पोरीला नळीतून दर दोन तासांनी थोडंसं दूध जायचं. कालच्या लेबलाची शेवटची बाटली एक वाजता संपली होती.

"बाय, दूध हाय ना आतमंदी?" त्यांनी मला विचारलं. गळ्यातलं ओळखपत्र बघून मी कोणी मोठी वाटले असेन.

"आहे मावशी."

"मंग?"

मी सिस्टरकडे बघितलं.

सिस्टर म्हणाल्या, "तीनचा दूध चुकला तर डॉक्टर तिका सलाईनवर टाकतले. डब्याचा दूध तिच्या आतड्यांका सोसाचा नाय." मग माझ्या ओढणीकडे बघून आवाज खाली आणला. "जा गो आत. आधी मोकळी हो."

पडद्याआड बसले. पंपाची घरघर सुरू झाली. पहिली धार बाटलीत पडली आणि वाटलं, हेच नेऊन देऊ का? चार पावलांवर ते पिल्लू आहे. पण तपासणीशिवाय माझंही दूध चालणार नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. बाहेर सखुबाई कोणाला तरी फोनवर सांगत होत्या, "नाय गो, अजून नाय दिलं. मशीन बिघडलंय म्हंतात."

पडद्याच्या फटीतून कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर दिसत होता. त्याच्या पडद्यावर एक काळी चौकट क्षणभर उघडली आणि मिटली.

मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं.

पंप चालूच होता. चौकट कसली, ते विचार करूनही आठवेना. मी तिथेच बसून राहिले, नजर त्या कोपऱ्यात रोवून. दोन वीस. काळी चौकट उघडली, मिटली.

दर दहा मिनिटांनी. ते मीच लिहिलं होतं.

रजेच्या आधीचा शेवटचा आठवडा. लॅबच्या फोल्डरमधून यादी आपोआप उचलणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, मी या कॉम्प्युटरवर बसवत होते. तिच्यासाठी वेगळं खातं हवं म्हणून अर्ज दिला होता, तो कुठेतरी सहीला अडकला होता. पोट टेबलाला टेकत होतं, पाय सुजले होते. म्हटलं, तात्पुरतं माझंच नाव आणि माझाच पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू, खातं मिळालं की बदलू. असं लिहायचं नसतं, हे आम्ही नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो. दोन दिवसांनी मला कळा सुरू झाल्या, दोन आठवडे आधीच.

आणि आज सकाळी मी दाराचं कुलूप बदललं. आत निरोप आणायला जाणारी बिचारी स्क्रिप्ट जुनीच चावी घेऊन दर दहा मिनिटांनी दार वाजवत राहिली. तीन वेळा झाले की मी बाहेर.

पंप आवरला, हात धुतले. सिस्टरकडून कागद घेतला. हितेंद्र सरांना द्यायचं लेखी कारण. मी लिहिलं, "अपुऱ्या झोपेमुळे पासवर्ड वारंवार चुकीचा..." ते हे मान्य करतील. खातं उघडेल. मी गुपचूप स्क्रिप्टमध्ये नवा पासवर्ड टाकेन. कोणाला कळणार नाही. आणि सहा महिन्यांनी पुन्हा मुदत संपेल. तेव्हा शर्वरीला ताप असेल, मी घरी असेन, आणि या दाराशी दुसरीच कोणी सखुबाई बसलेली असेल.

कागद चुरगळला. फोन लावला. "सर, दार मीच वाजवतेय. वर या. माझा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये उघडा लिहिलाय."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "हात लावू नकोस कशाला."

ते जिन्याने आले, धापा टाकत. खुर्चीत बसले, फाइल उघडली. तिसऱ्या ओळीत माझं नाव होतं आणि पुढे पासवर्ड, स्वच्छ अक्षरांत. त्यांनी चष्मा वर केला.

"ही ओवी कोण?"

गरोदरपणात मी पोटावर हात ठेवून हेच नाव घ्यायचे. कोणालाच सांगितलं नव्हतं. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि माझ्या नणंदेने, सीमाताईंनी, वर्षभर आधीच ठरवून ठेवलं होतं. पाळण्यात वाकून त्या बाळाच्या कानात कुर्र करून म्हणाल्या, शर्वरी. बायकांनी त्यांच्या पाठीवर धपाटे घातले, सगळे हसले, मीही हसले. चांगलंच आहे नाव. वाईट नाहीच.

"माझी मुलगी," मी म्हटलं.

"ऑफिसच्या रजिस्टरमध्ये तर शर्वरी लिहिलंयस."

"हो."

ते पुन्हा पडद्याकडे वळले. कीबोर्ड बडवत राहिले. म्हणाले, "या मशीनला स्वतःचं खातं देतो. फक्त त्या एका फोल्डरपुरतं, फक्त वाचायला. पासवर्ड मशीनच्या तिजोरीत राहील, फाइलीत नाही. पण त्याचा अर्ज लागेल."

"दिलाय सर. मार्चमध्ये."

त्यांचे कान लाल झाले. "बहुतेक माझ्याच ट्रेमध्ये असेल," म्हणाले. मग खाकरून, "तरी मेमो तुला मिळणार. उद्या साडेनऊला सही कर."

"करते."

"तिसरी ओळ पूस. माझ्यासमोर."

मी कर्सर ओळीच्या शेवटी नेला. साडेपाच महिने हे यंत्र रोज, दिवसरात्र, माझ्याऐवजी ते नाव घेत होतं. सुट्टीच्या दिवशीही. एकेक अक्षर मागे गेलं. चार, तीन, दोन.

दोन पन्नासला काळी चौकट उघडली, आणि या वेळी मिटायला थोडा वेळ लागला. मग लेबलांचा छोटा प्रिंटर खरखरला. पट्टी बाहेर येऊ लागली, एकेक चौकोन, एकेक बाटलीचा नंबर.

"इली, इली लेबलां!" सुभद्रा सिस्टर फ्रीजकडे धावल्या. बाटली कोमट पाण्यात, मग सिरिंजमध्ये. सखुबाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. मीही त्यांच्या मागे. नळीतून पांढरी रेघ अगदी हळू उतरली. तीन वाजून चार मिनिटं.

"कोनाचं दूध गो ते?" सखुबाईंनी विचारलं.

सिस्टर म्हणाल्या, "नाव नसतां मावशे. नंबर असतो."

सहाला लालबागच्या पुलाखालून जवळजवळ पळतच घरी गेले. सासूबाईंनी दारातच शर्वरी माझ्या हातात दिली. "घे तुझी राणी. चार चमचे घेतले, तेही माझ्यावर उपकार म्हणून."

खोलीत जाऊन बसले. ती हुंदके देत माझ्या कुर्त्यावर तोंड घासत होती. बटणं उघडण्याआधी मी तिच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हटलं, ओवी. पाठीवर कोणाचा धपाटा पडला नाही. तिने डोळा तिरका करून माझ्याकडे एकदा बघितलं, आणि दूध शोधायला लागली.