मामाची मांडी

बसवप्रभूंनी किरणं मोजायची मशीन जात्यावर धरली. टिक... टिक, टिक. मग ज्वारीच्या पोत्यावर, मग स्वतःच्या तळहातावर. सगळीकडे तीच टिकटिक.

"बघा, दगडात हाय, ज्वारीत हाय, माझ्यात बी हाय. भ्यायचं काय त्यात?"

मुडबी गावातल्या घराच्या सोप्यात जावळासाठी जमलेले पाहुणे हसले. अणुकेंद्रातून निवृत्त झाल्यापासून बसवप्रभू बीदर-कलबुर्गीच्या शाळाशाळांत हाच प्रयोग दाखवत, लोकांच्या मनातली अणूची भीती घालवत फिरत होते. दिव्याखाली मात्र अंधार होता. आज मशीन आणली होती ती पाहुण्यांसाठी नव्हेच. आणली होती थोरल्या बहिणीसाठी, रुद्रम्मासाठी, आणि ती तर चुलीकडे तोंड करून उभी होती.

एकतीस वर्षांपूर्वी याच सोप्यात भाचीचं, चैत्राचं जावळ झालं. मामाच्या मांडीवर बसवून पहिले केस काढायची रीत. सख्खा मामा, बसवप्रभू, अणुकेंद्रातून रजा काढून आला, पाटाजवळ जाऊन उभा राहिला. आणि रुद्रम्माने पोर उचलून चुलतभावाच्या, निंगप्पाच्या मांडीवर दिली. पुढेही कधी त्यांच्या हातात दिली नाही. बसवप्रभूंनी लग्न केलं नाही, त्यामुळे त्यांच्या मांडीवर कुणी बसायचं राहूनच गेलं. त्याचं त्यांना वाईट वाटे, फार वाटे.

आज चैत्राच्या मुलाचं जावळ. चैत्राला भाऊ नाही, म्हणजे मांडी तिच्या मामाचीच हवी. पाट रिकामा होता आणि न्हावी खोळंबला होता.

बसवप्रभू चुलीपाशी गेले.

"अक्का, तू सातवी शिकलेली. कामून भ्यायलीस मला?"

रुद्रम्मा वळली.

"म्या कशाला भिऊ? तूच लिव्हलं व्हतंस."

"काय लिव्हलं?"

"पत्रात. काम झालं की आमाला मशीनपुढं हुबं करत्यात, अंगाला काय लागलं न्हाई ते बघत्यात, मगच भाईर सोडत्यात. लई ऐटीत लिव्हलं व्हतंस. हितं मुडबीत मशीन कुठं व्हती, प्रभू?"

त्यांना ते पत्र आठवलं. नव्या नोकरीची ऐट होतीच त्यात. तपासल्याशिवाय सोडत नाहीत, म्हणजे घरी येणारा माणूस स्वच्छच असतो, एवढं एकच वाक्य लिहायचं राहिलं होतं. पुढे तेच वाक्य त्यांनी शेकडो शाळांत सांगितलं.

त्यांनी मशीन तिच्या हातात दिली आणि दोन्ही हात पसरून तिच्यापुढे उभे राहिले. रुद्रम्माने ती डोक्यापासून पायापर्यंत हळूहळू फिरवली. मांडीपाशी जरा जास्त वेळ धरली. मग खात्रीसाठी जात्यावर धरून पाहिली. तीच टिकटिक.

"बस पाटावर," ती म्हणाली, आणि नातू आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

वस्तरा लागताच बाळाने टाहो फोडला. बसवप्रभूंनी त्याला पोटाशी घट्ट धरलं. पहिली बट त्यांच्या धोतरावर पडली.

"अक्का," बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "चैत्रा किती जड व्हती तवा?"

रुद्रम्मा हातातली मशीन पदराने पुसत राहिली.

"ह्याच्यापरीस हलकी व्हती रे."