लोलाची कोलांटी

"एका संध्याकाळपुरती द्या तिला," नेमत म्हणाला. "माझ्या ओसरीवर तुम्हीच आणा, तुमच्याच हातानं उडवा आणि परत घेऊन जा. मी बोटसुद्धा लावणार नाही."

मोहल्ल्यात सगळे एर्गशना अका, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचे. ते ढाबळीसमोर उकिडवे बसून कबुतरांच्या ताटलीतले पाणी बदलत होते. लोला त्यांच्या खांद्यावर बसली होती. तांबूस रंग, कपाळावर तुरा आणि पायांवर मोजे घातल्यासारखी झुबकेदार पिसे.

"आणि दिव्यानं बिचकली तर?"

"पातं लवायच्या आत विझतो तो फोटोचा दिवा. तिला कळणारपण नाही."

"तिला काय कळतं आणि काय नाही, ते तुला कळतं का रे?" अका हसत म्हणाले आणि त्यांनी विषय बदलला.

समरकंदमध्ये कोलांट्या मारणाऱ्या कबुतरांना तोटा नव्हता. पण लोलाची गोष्ट निराळी होती. ती टाळ्या वाजवल्यासारखे पंख आपटत सरळ वर चढायची, खांब रोवल्यासारखी. मग उंचावर पोचली की पाठीवर उलटी व्हायची, आणि त्या क्षणी खाली पडायचे असते हेच विसरून गेल्यासारखी हवेत थांबायची. संध्याकाळी तिला बघायला मोहल्ल्यातली म्हातारी माणसे चहाची किटली घेऊन अकांच्या गच्चीवर जमायची. उलटी होताना तिचे पंख मिटलेले असतात की उघडे, यावर तिथे वर्षानुवर्षे वाद चालला होता. अका म्हणायचे मिटलेले, नेमत म्हणायचा उघडे. दोघांनाही खात्री नव्हती.

नेमत सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायचा. नोकरी लागल्यापासून तो दिवसभर एकच वाक्य बोलत आला होता: हलू नका, श्वास रोखा. माणसे भिंतीसारखी उभी राहायची, तो त्यांची हाडे टिपायचा, आणि हाड जुळले की ती फिल्म कुठल्याशा कपाटामागे पडायची. घरी आल्यावर मात्र तो जे क्षणभरही थांबत नाही त्याच्याच मागे लागायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाड रजई बांधून अंधार करायचा, जुन्या बाजारातून आणलेले फ्लॅश अगदी मंद करून मांडायचा. फ्लॅश जितका मंद, तितका तो लवकर विझतो. आणि अंधारात कॅमेरा उघडा ठेवला, की जेवढा वेळ उजेड तेवढेच चित्र. दुधाचा थेंब बशीत पडून मुकुटासारखा उसळलेला, टाचणी लागताच फुग्याचे रबर मागे सरकलेले आणि आतले पाणी अजून फुग्याच्याच आकारात उभे, असे फोटो त्याने काढले होते. थेंब टाकायला आणि टाचणी टोचायला त्याची बायको सनोबर असायची.

"दुसऱ्यांचे नवरे बायकोला बागेत नेतात," ती म्हणायची. "माझा मला अंधारात उभी करतो आणि वर दूध सांडायला लावतो."

फोटो चांगले होते. शेजारी बघायचे, वा म्हणायचे आणि पुढच्या क्षणी टोमॅटोच्या भावाबद्दल बोलू लागायचे. दुधाचा थेंब कुणाचाच नसतो. आपला एक तरी फोटो असा असावा, की मोहल्ल्यातला माणूस त्याच्यापुढे थबकेल आणि म्हणेल, अरे, ही तर आपली लोला. एवढीच नेमतची हाव होती, पण ती त्याला सोडेना. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. कधी नवे वाटाणे घेऊन जायचा, कधी सनोबरने केलेला पुलाव.

अकांची बायको वारली त्या हिवाळ्यात नेमत रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला जात असे. म्हातारा एकटा जेवणार नाही हे त्याला ठाऊक होते. त्याने त्या दिवसांचा उल्लेख कधी केला नाही, पण अका ते विसरले नव्हते. वसंतात एके दुपारी ते कोटाच्या आत लोलाला घेऊन स्वतःच नेमतच्या दारात येऊन उभे राहिले.

"चल, उरक तुझं," ते म्हणाले.

नेमतने ओसरीच्या तिन्ही बाजूंना सतरंज्या बांधल्या आणि एक खाली अंथरली. लोलाला दिसावे एवढा फिकट उजेड वरच्या फटीतून येत होता. ओसरीचे छत उंच होते. छताखाली त्याने लाल किरणाची एक बारीक रेघ आडवी सोडली. पाखराने ती ओलांडली की फ्लॅश आपोआप पेटणार होते. असे तीन फ्लॅश होते, तिन्ही तिच्या वाटेकडे तोंड करून.

अकांनी लोलाच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि तिला वर सोडले. पंखांचा कडकडाट झाला आणि लगेच लखकन उजेड पडला. लोला न उलटताच खाली आली, सतरंजीवर बसली आणि मान वाकडी करून डोळे मिचकावू लागली. कॅमेऱ्यात नुसते शेपूट आले होते.

"पाखरू घाबरलंय," सनोबर दारातून म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस," नेमत म्हणाला. तो बायकोशी सहसा असे बोलत नसे.

अकांनी लोलाला उचलून छातीशी धरले. "झालं ना आता? बस कर."

"अजून एकदाच, अका. किरण थोडा वर घेतो. एकदाच."

अकांनी त्याच्याकडे पाहिले. पुढे कितीतरी दिवस नेमतला ती नजर आठवत राहिली. तिच्यात राग नव्हता. मोठ्या भावाने धाकट्याकडे पाहावे तशी ती होती, हा हट्ट सोडणार नाही हे ओळखलेली. त्यांनी हात वर केले आणि ओंजळ उघडली.

या वेळी लोला पूर्ण चढली. छताखाली पोचून ती पाठीवर उलटली, आणि तिन्ही फ्लॅश तिच्या तोंडावर पेटले. ती थपकन सतरंजीवर पडली, पण लगेच उठून उभी राहिली. अकांनी तिचे पंख, पाय, मान सगळे चाचपून पाहिले. कुठे काही लागले नव्हते. ते तिला कोटात घालून चहाही न घेता निघून गेले.

फोटो अप्रतिम आला होता. लोला उताणी, पिसन्‌पिस वेगळे, डोळ्याच्या तांबड्या कड्यात उजेडाचा ठिपका, आणि पंख पंख्यासारखे पूर्ण उघडलेले. नेमत त्या रात्री आनंदाच्या भरात जेवलाच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे गच्चीवर जमले. अकांनी लोलाला सोडले. ती टाळ्या वाजवत सरळ वर गेली, उंचावर पोचली, आणि साध्या कबुतरासारखा एक फेरा मारून ढाबळीवर येऊन बसली. थकली असेल, असे कुणीतरी म्हणाले. पुढच्या दिवशीही तेच झाले. मग वारा वाईट आहे, अंड्यांवर येतेय, पिसे झडतायत अशी एकेक कारणे निघाली आणि एकेक संपली. जनावरांच्या डॉक्टरने तपासून पाखरू ठणठणीत असल्याचे सांगितले. लोला उडत होती, खात होती, पण उलटी होत नव्हती.

उन्हाळ्यापर्यंत गच्चीवरची गर्दी पांगली. बाजारात एका कबुतरवाल्याने अकांना सगळ्यांदेखत टोमणा मारला, "तुमची राणी आता कोंबडी झाली म्हणे. रस्सा करा की." अका दाण्याची पिशवी उचलून चालू लागले. नेमतला त्यांनी कधी दोष दिला नाही. भेटले की प्रकृती विचारायचे, सनोबरला सलाम सांगायचे. नेमतला तेच सोसवेना.

शेवटी तो फोटोची मोठी प्रत कागदात गुंडाळून त्यांच्याकडे गेला. अका अंगणातल्या बाजेवर गुडघ्याला लोकरी फडके बांधून बसले होते. त्यांनी चष्मा लावला आणि फोटो बराच वेळ पाहिला.

"उघडेच होते की," ते म्हणाले. "तू म्हणायचास ते खरं निघालं."

"अका, मला शिव्या द्या. हवं तर हाकलून द्या. पण असं चांगलं बोलू नका."

"शिव्या कशाला? तिला उडवली मीच ना. मला नाही म्हणता आलं असतं. तू मागत होतास, आणि मला तुला नाही म्हणायचं नव्हतं." त्यांनी फोटो पुन्हा कागदात गुंडाळला, कोपरे दुमडू नयेत अशा बेताने. "सुंदर आहे. पण हा तूच ठेव. मी तिला कायम खालून बघितली, नेमत. मला ती तशीच ठाऊक आहे."

नेमतने तो फोटो भिंतीवर लावला नाही. ताश्कंदच्या एका प्रदर्शनासाठी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो मागितला, तेव्हा नीट आला नाही असे सांगून त्याने त्यांना वाटेला लावले. स्वयंपाकघराच्या खिडकीवरची रजई निघाली. फ्लॅश त्याने लग्नांचे फोटो काढणाऱ्या एका फोटोग्राफरला देऊन टाकले.

शरदात अकांचा गुडघा एवढा सुजला की त्यांना शिडी चढवेना. कबुतरे विकून टाका, असे त्यांच्या मुलाने रशियातून फोनवर सांगितले. अकांनी बाकीची कबुतरे ओळखीच्या माणसांत वाटून टाकली. लोलाला कुणी मागितले नाही, आणि कुणी मागितले असते तरी त्यांनी दिले नसते. त्या दिवसापासून दवाखान्यातून सुटल्यावर नेमत आधी त्यांच्या घरी जाऊ लागला. "चढून ये," एवढेच अका म्हणायचे आणि दाण्याची पिशवी पुढे करायचे.

ढाबळीचे दार उघडले की लोला सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात सरकायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. पहिल्या दिवशी नेमतने तिला हाक मारून पाहिली. पुन्हा कधी मारली नाही. तो खाली मान घालून जुने पाणी ओतायचा, नवे भरायचा, मूठभर ज्वारी पत्र्यावर पसरायचा आणि बाहेर येऊन दार लावून घ्यायचा.

पण लगेच खाली उतरत नसे. दाराला पाठ लावून तो गच्चीवर बसून राही. कधी हात थंडीने बधिर होत, कधी खालून अका हाक मारून चहा निवल्याचे सांगत. तरी तो हलत नसे. बऱ्याच वेळाने आत पंखांची सळसळ होई, आणि पत्र्यावर चोच वाजू लागे, टक, टक. मग तो उठून, पावलांचा आवाज होऊ न देता, शिडीकडे जाई.